बाबांच्या वर्षश्राद्धाचे ६०,००० आणि शिडाच्या छोट्या होड्या – सल्ला हवाय

तांडेलचा_मुलगा

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे बाबा भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचवर होते, खलाशी म्हणून लागले आणि तांडेल (लाँचचा प्रमुख) म्हणून रिटायर झाले. गेल्या वर्षी गेले. वर्षश्राद्धाला पंगती उठवायच्या नाहीत, ते पैसे कुणाच्या तरी कामी लावायचे असं आई, ताई आणि मी मिळून ठरवलंय, ६०,००० बाजूला ठेवलेत. ताई म्हणते वृद्धाश्रमाला वर्षाचं धान्य भरू, नेहमीचंच आहे पण पोटात तरी जातं. माझ्या डोक्यात मात्र भलतंच खूळ शिरलंय.

मागच्या पावसाळ्यात ऑफिसच्या कामाने हैदराबादला होतो, हुसेनसागरच्या कडेने रिक्षा चालली होती, ट्रॅफिक तुंबलेलं, आणि पाण्यात बघतो तर आंघोळीच्या टबाएवढ्या पंधरावीस होड्या, प्रत्येकीला एक चौकोनी शीड आणि आत एकेकटं पोर. मोठं माणूस कुणीच नाही! वाऱ्यात ती होडी अशी कलंडायची की माझाच जीव वरखाली. रिक्षावाला म्हणाला, सरकारी शाळेतली मुलं पण असतात साहेब. रूमवर येऊन शोधलं तर यॉट क्लब ऑफ हैदराबाद म्हणून आहे, सुहेम शेख यांनी २००९ साली काढला, आणि खरंच रसूलपुऱ्याच्या वस्तीतली, सरकारी शाळांमधली मुलं तिथे शिकून पार राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत गेलीत, खर्च देणग्यांवर आणि कंपन्यांच्या पैशावर.

तेव्हापासून वाटतंय की बाबांचे पैसे अशा कशात तरी जावेत, हैदराबादच असं नाही, आपल्याकडे मुंबई-गोव्यात कुठे असेल तर उत्तमच. तर प्रश्न दोन. एक, हे दान म्हणायचं की चैन? दोन, ६०,००० मध्ये यात काही होतं का की समुद्रात मीठ? प्रामाणिक मतं द्या, शिव्या पण चालतील.

खडूस_कोथरूड

शिव्या चालतील म्हणालात म्हणून सांगतो, चैन आहे. यॉटिंग! ज्या मुलाच्या घरी नळाला पाणी येत नाही त्याला होडी चालवायला शिकवून काय होणार? दोन तास मजा, मग परत त्याच खोलीत. तेवढ्या पैशात दोन मुलींची अकरावी-बारावीची फी भरून होते. हे सगळं देणाऱ्याला छान वाटावं म्हणून चालतं. ताईंचं ऐका.

साउदम्प्टनची_मावशी

खडूसभाऊ, फी वगैरे बरोबर आहे तुमचं पण "दोन तास मजा" यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी स्वतः पाण्याला इतकी घाबरते की इथल्या फेरीतसुद्धा मधल्या खुर्चीवर बसते, पण लेकामुळे गेली सात वर्षं दर शनिवारी धक्क्यावर उभी असते. इकडे धर्मादाय संस्थांवर चालणारं मुलांचं सेलिंग बरंच आहे. एक सांगते. अँड्र्यू सिम्प्सन, सगळे बार्ट म्हणायचे, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला सुवर्ण आणि लंडनला रौप्य मिळवलेला खलाशी. मे २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला अमेरिकाज कप या शिडाच्या बोटींच्या शर्यतीच्या सरावात त्यांच्या संघाची भलीमोठी कॅटामरान (दोन सांगाड्यांची बोट) उलटली आणि तो गेला. सहकारी इयन पर्सी, बेन एन्स्ली वगैरेंनी त्याच्या नावाने फाउंडेशन काढलं, उद्देश एकच, ज्या मुलांना एरवी मिळणार नाही त्यांना सेलिंग मिळावं. पुतळा नाही, हॉल नाही. २०१४ पासून त्यांची बार्ट्स बॅश नावाची शर्यत असते, जगात जो जिथे असेल तिथल्या तळ्यात, नदीत, समुद्रात शर्यत लावायची, कसलीही होडी चालते, देणगी गोळा करायची आणि निकाल कॉम्प्युटरवर एकत्र लावतात. म्हणजे गावच्या डबक्यातला आजोबा आणि ऑलिंपियन एका यादीत!

आणि एलन मॅकआर्थर कॅन्सर ट्रस्ट, २००३ पासून. कॅन्सरची ट्रीटमेंट घेतलेल्या ८ ते २४ वर्षांच्या मुलामुलींना बोटीवर नेतात, सगळं फुकट. ही एलन म्हणजे २००५ मध्ये एकटीने ७१ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केलेली बाई, आणि तिने लहानपणी पहिली होडी घेतली ती शाळेच्या जेवणाचे पैसे साठवून. खडूसभाऊ, ती श्रीमंत घरातली नव्हती हो.

त्या ट्रस्टच्या एका सहलीला आमच्या ओळखीतली एक पोरगी गेली होती. वर्षभर सगळे तिला फुलासारखं जपत होते, हे उचलू नको, तिकडे जाऊ नको. बोटीवर पहिल्याच दिवशी तिच्या हातात दोरी दिली आणि म्हणाले ओढ. तिच्या आईने मला हे सांगताना रडून घेतलं. यात फी कुठे बसवायची मला माहीत नाही.

खडूस_कोथरूड

मावशी, कॅन्सरच्या मुलांवर मी काय बोलणार, माघार. पण ते इंग्लंड आहे, बेटच आहे ते, पाण्याशिवाय आहे काय त्यांच्याकडे.

साउदम्प्टनची_मावशी

आणि ७२० किलोमीटरचा किनारा महाराष्ट्राकडे काय शोभेला आहे का? 😀

व्हेलरवाले_काका

धागा आवडला. नेव्हीत २२ वर्षं काढली, त्यातली बरीच शिडाच्या बोटींवर, आता गोव्यात सेटल. आठवड्यातून तीन दिवस मुलांना शिकवायला जातो, मानधन म्हणाल तर चहा आणि भजी.

तुम्ही पाहिलीत ती होडी ऑप्टिमिस्ट, मुलं तिला ऑप्टी म्हणतात. लांबी साधारण २.३ मीटर, वजन ३५ किलो, १५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. खडूसराव, या ऑप्टीची जन्मकथाच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. १९४७, फ्लोरिडातलं क्लिअरवॉटर गाव. तिथे ऑप्टिमिस्ट क्लब नावाचा मुलांसाठी काम करणारा सेवाभावी क्लब होता, आपल्याकडच्या रोटरी-लायन्ससारखा समजा. तिथे मेजर क्लिफर्ड मॅके यांनी भाषणात मांडलं की पोरं उतारावरून खोक्याच्या गाड्या पळवतात तशी त्यांच्यासाठी स्वस्तातली होडी का नको? क्लार्क मिल्स नावाचा बोटी बांधणारा होता, त्याला सांगितलं की प्लायवुडचे दोन शीट, ४ बाय ८ फुटांचे, त्यात बसव आणि खर्च ५० डॉलरच्या आत ठेव. नाक लांब केलं तर प्लाय पुरेना म्हणून त्याने पुढून सपाट कापून टाकलं, ती होडी आजही तशीच थोबाड कापल्यासारखी दिसते. पैसे गावातल्या दुकानदारांनी दिले. म्हणजे जगातला अर्ध्याहून जास्त ऑलिंपिक खलाशी लहानपणी ज्या बोटीत बसला ती मुळात वर्गणीतून निघालेली आहे, राजामहाराजांच्या यॉटमधून नाही.

आता ६०,००० चं. रेसिंगची नवी ऑप्टी लाखांत जाते, तेव्हा बोट विसरा. पण मी उलट म्हणतो, बोट असती तरी देऊ नका म्हटलं असतं. बोट द्यायला सगळे तयार असतात, कारण बोटीवर नाव रंगवता येतं, उद्घाटनाला नारळ फोडता येतो, पेपरात फोटो येतो. पाहुणे गाडीत बसले की पुढे काय? रोज गोड्या पाण्याने धुवायला हवी, नाहीतर मीठ सगळी कडी-बोल्टं खातं. शीड उन्हाने दोनतीन सीझनमध्ये जुन्या चादरीसारखं लुळं पडतं. लाइफ जॅकेटची झिप जाते, दोऱ्या झिजतात. आणि सगळ्यात मोठा खर्च जो कुणाला दिसतच नाही तो म्हणजे रेस्क्यू बोट. दहा मुलं पाण्यात म्हणजे एक मोटरबोट त्यांच्या मागे फिरत पाहिजे म्हणजे पाहिजेच, आणि तिला पेट्रोल लागतं, रोज. आमच्याकडे सहा बोटी चांगल्या स्थितीत असून आठवडेच्या आठवडे शेडमध्ये उलट्या पडल्या होत्या, कारण पेट्रोलला पैसे नव्हते. पेट्रोलवर कुणाचं नाव रंगवणार?

वेसाव्याची_कोळीण

सगळं वाचलं. आता मी बोलू का.

तुम्ही सगळे "गरीब मुलांना समुद्राची ओळख" असं बोलताय ते ऐकून हसू येतंय. आमच्या पोरांना समुद्राची ओळख कोण करून देणार? माझा आजा शिडाच्या होडीवर जायचा, परबाण (शीड बांधायची आडवी काठी) कसं फिरवायचं, पहाटे मतलईवर बाहेर पडायचं आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचं, सगळं वाऱ्याच्या हिशोबाने. बापाच्या वेळी इंजिन आलं. माझ्या भावाला शीड फक्त नारळी पुनवेच्या चित्रात माहीत. एका पिढीत गेलं. आणि आता तेच शीड इंग्लिशमध्ये परत आलंय, टॅक म्हणे, जाइब म्हणे, त्याला क्लबची मेंबरशिप लागते आणि गेटवर वॉचमन असतो. कफ परेडला मच्छीमार नगर आहे, तिथून सगळ्या यॉटी दिसतात. त्यांच्यात आमची किती पोरं आहेत ते मोजा कोणीतरी.

पाचसहा वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मंडळी आली होती, नाव नाही घेत. पोरांना टी-शर्ट दिले, बॅनर लावला, एकेक राउंड मारली, फोटो काढले, परत येतो बोलले. टी-शर्ट अजून आहेत, लादी पुसायला.

तांडेलभाऊ तुमच्यावर राग नाही, तुम्ही आपलेच आहात. पण पैसे देणार असाल तर विचारून द्या की दुसऱ्या वर्षी पण येणार का.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो

ताई, तुमच्या प्रतिसादाला उभं राहून टाळ्या. (पॉपकॉर्न बाजूला ठेवलंय.)

तांडेलचा_मुलगा

ताई, काळजाला लागलं, कारण आमच्या घरी पण हेच. माझ्या आजोबांचा मचवा होता, विटा-कौलं वाहायचा, शिडाचा. बाबा उभा जन्म समुद्रावर असून त्यांना शीड धरता येत नव्हतं, त्यांचं सगळं डिझेल आणि घंटी. म्हणायचे, आमचा वारा इंजिनात आहे. त्यांच्या शर्टाला डिझेलचा वास असायचा, आईने कितीही धुतला तरी. मी तर काय, पनवेलला एसीत बसतो. हुसेनसागरला ती पोरं बघून घशात काय अडकलं ते तुमचा प्रतिसाद वाचेपर्यंत मला धड कळलं नव्हतं.

लेखापाल_नाना

भावनांच्या मध्ये रुक्ष माणसाचा प्रतिसाद, पण पैसे देण्याआधी कुणीतरी सांगायलाच हवं.

पहिलं, संस्था ट्रस्ट किंवा सोसायटी म्हणून नोंदलेली आहे का आणि ८० जी (देणाऱ्याला आयकरात वजावट मिळवून देणारी मान्यता) आहे का ते विचारा. नुसता क्लब म्हणजे धर्मादाय संस्था नव्हे, बऱ्याच क्लबांचा मुलांचा उपक्रम वेगळ्या ट्रस्टमधून चालतो, पावती त्या ट्रस्टची हवी. रोख २,००० च्या वर दिलेत तर वजावट नाही, तेव्हा चेक नाहीतर ऑनलाइन. साधारणपणे रकमेच्या ५० टक्के वजावट मिळते आणि त्याला उत्पन्नाच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. नव्या करप्रणालीत असाल तर वजावट विसरा, मग पुण्यच घ्या. पावतीसोबत फॉर्म १०बीई, म्हणजे देणगीचं प्रमाणपत्र, मागून घ्या, तो नसेल तर पावतीचा उपयोग नाही.

दुसरं, वेसाव्याच्या ताईंनी जे लिहिलं त्यामागे दरवेळी वाईट हेतूच असतो असं नाही, पैशाची रचनाही असते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजोपयोगी कामांवर, खर्चावे लागतात आणि परिशिष्ट ७ मध्ये ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण बसतं, सेलिंग ऑलिंपिक खेळ आहे. पण कंपनीची नजर ३१ मार्चवर. जानेवारीत घाई होते, टी-शर्ट छापले जातात, एप्रिलमध्ये नवा विषय, नवा बॅनर. मुलगा मात्र शिकतो तीनचार वर्षांत. म्हणून लहान दात्याची खरी ताकद अशी की त्याला आर्थिक वर्ष नसतं. एकदम ६०,००० देण्यापेक्षा तीन वर्षं २०,००० द्या आणि दर वर्षी जाऊन बघून या, असं माझं मत.

साउदम्प्टनची_मावशी

नाना, मला पण थोडे पाठवायचे आहेत, इकडून चालतात का?

लेखापाल_नाना

पासपोर्ट कुठला त्यावर आहे. भारतीय असेल तर बँकेच्या रीतसर मार्गाने तुमच्या बचतीतून बिनधास्त पाठवा. ब्रिटिश घेतला असेल तर ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असूनही तुम्ही परदेशी स्रोत, मग त्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी (परदेशी देणगी घेण्याची परवानगी) हवी, आणि तो पैसा फक्त दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात येतो. लहान संस्थांकडे हे बहुधा नसतंच.

साउदम्प्टनची_मावशी

ब्रिटिश 😔. बरं, मग डिसेंबरात येईन तेव्हा लेकाची लहान झालेली लाइफ जॅकेटं घेऊन येते. ती पण परदेशी स्रोत का?

लेखापाल_नाना

खरं सांगायचं तर वस्तूसुद्धा त्यात येतात, पण अगदीच थोड्या वापरलेल्या वस्तूंचं मी बघून सांगतो, घाई करू नका.

खडूस_कोथरूड

नाना तुम्ही मावशींचं स्वेटरसुद्धा जप्त कराल.

मुद्द्यावर येतो. मी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. मला सांगा काका, ही कामं सरकारची नाहीत का? लोकांच्या वर्षश्राद्धाच्या पैशावर ऑलिंपिक खेळ चालवायचा?

व्हेलरवाले_काका

रास्त प्रश्न. सरकार करतं तिथे फरक दिसतो. नेहा ठाकूर आठवते का? २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियाडला मुलींच्या इल्का ४ या एकटीने चालवायच्या छोट्या होडीच्या प्रकारात रौप्य. देवासकडच्या शेतकऱ्याची मुलगी, समुद्राचा संबंध नाही, भोपाळच्या बड्या तलावावर मध्य प्रदेश सरकारची अकादमी आहे तिथे शिकली. त्याच एशियाडला विष्णू सरवणनला कांस्य, तो फौजेचा, मुंबईत कुलाब्याच्या आर्मी यॉटिंग नोडचा. आमच्या मांडवीवर नेव्हीसुद्धा लहान मुलं निवडून घडवते. फौजेत किंवा अकादमीत शिरलात की जेवण-शाळा-बोट सगळं बघितलं जातं. पण तिथे निवड होण्याआधी पोराला एकदा तरी शिडाच्या होडीत बसायला मिळायला हवं ना. ते पहिलं पाऊल सरकार टाकत नाही, तिथे वर्गणी लागते. मध्य प्रदेशला तलावावर पदक मिळतं आणि आपण ७२० किलोमीटर किनारा घेऊन बसलोय हे मावशींचं वाक्य मला रात्री झोपू देणार नाही.

अवांतर: १९८२ च्या दिल्ली एशियाडचं सेलिंग मुंबईत झालं होतं, फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल या दोघांनी चालवायच्या होडीच्या प्रकारात सुवर्ण मिळवलं. आम्ही त्या वेळी पोरसवदा होतो, वाटलं आता मुंबईभर शिडं दिसणार.

आणि "काय होणार" याचं थोडं. ऑप्टी शिकवताना पहिला धडा होडी उलटवायचा. मुद्दाम उलटवायची. मग पोहत मागे जायचं, खाली जी फळी बाहेर आलेली असते, डॅगरबोर्ड, तिच्यावर उभं राहायचं, काठ धरून मागे रेलायचं, शीड पाण्यातून सुटलं की होडी सरळ होते, मग आत चढून डबा घेऊन पाणी उपसायचं. डबा म्हणजे तेलाचा प्लास्टिक कॅन तिरका कापलेला, दोरीने बांधलेला, नाहीतर तो पहिला वाहून जातो. आमच्याकडे एक मुलगा होता, वर्गात तोंड न उघडणारा, त्याला हे जमायला अकरा दिवस लागले. बाकीची दुसऱ्या दिवशी शिकली. अकराव्या दिवशी होडी सरळ करून आत बसला आणि माझ्याकडे न बघता मोठ्याने म्हणाला, "सर, परत उलटवू?" तो पुढे कुठल्या स्पर्धेत आला नाही, आयटीआय करतो. मला तुम्हाला याच्यापेक्षा जास्त फायदा दाखवता येणार नाही.

खडूस_कोथरूड

हम्म.

तांडेलचा_मुलगा

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण घरी चर्चा (भांडण वाचा) चालू होती. आईला काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती पेट्रोलपाशी थांबली. म्हणाली, पोरं वाऱ्यावर जाणार आणि त्यांच्या मागून इंजिनाची बोट जाणार, कुणी पडलं तर उचलायला? मग ते तुझ्या बाबांचंच काम आहे, त्याचे पैसे दे.

तर ठरलं. वर्षाला २०,०००, तीन वर्षं, रेस्क्यू बोटीचं पेट्रोल. नाव कुठेही नको. ताई पण तयार झाली, धान्याचं ती तिच्या पगारातून वेगळं करणार आहे. काका, तुमच्या संस्थेची ट्रस्टची कागदपत्रं आणि ८० जी व्यनिमध्ये (खासगी निरोपात) पाठवाल का, नानांच्या भीतीने विचारतोय.

व्हेलरवाले_काका

पाठवतो. आईंना नमस्कार सांगा. एकच अट, सीझन सुरू झाला की एकदा त्यांना घेऊन या, त्याच बोटीत बसवून फिरवतो.

वेसाव्याची_कोळीण

काका, माझा भाचा अकरा वर्षांचा आहे, पोहतो चांगला, शाळेत लक्ष नाही. दिवाळीच्या सुट्टीत आमची नणंद असते गोव्याला, तिच्याकडे पंधरा दिवस राहील. घेता का त्याला? टी-शर्ट नको.

व्हेलरवाले_काका

घेतो. पायात जुने बूट असू देत, शिंपले लागतात. व्यनि केलाय, बघा.